तुमच्या एसएमपीएसमध्ये बसलेला माणूस : मायकेल फॅरडे



पीसीचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? ना फॅन फिरला, ना लाइट लागला, ना बीप वाजला. माझ्या बाबतीत हे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात झालं, तेही प्रोजेक्ट सबमिशनला जेमतेम आठ दिवस उरलेले असताना. एका दुकानात पीसी दाखवला. त्यांनी कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि खर्चाचा आकडा असा सांगितला की मी कॅबिनेट उचलून सरळ रिक्षात घातलं आणि होस्टेलवर परत आलो. बिघाड शेवटी निघाला एसएमपीएसमध्ये. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागे जिथे आपण पॉवर केबल खुपसतो तो पत्र्याचा डबा. घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून तो आतल्या पार्ट्सना पुरवतो. तुमच्या मोबाइलचा चार्जर हा त्याचाच धाकटा भाऊ.

त्या आठवड्यात एका सिनियरने मला कित्येक महिने नुसताच पडून असलेला एक मेलेला एसएमपीएस उघडून दाखवला. तो एकेका पार्टवर पेन्सिल ठेवून नाव सांगत होता आणि माझ्या लक्षात आलं की यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीमागे एकच माणूस उभा आहे. ट्रान्सफॉर्मर त्याचा. कपॅसिटरचं एकक त्याच्या नावाचं. बाहेरचा पत्रा त्याच्या प्रयोगातला. परीक्षेत फॅरडेचा नियम मी चार मार्कांसाठी पाठ केला होता, पण हा फॅरडे नक्की कोण याचा कधी विचारच केला नव्हता. आज एसएमपीएस कसा तपासायचा हे सांगतोच, पण फॅरडेच्या गोष्टीतून.

लोहाराचा मुलगा आणि सात नाणी

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. लंडनच्या कडेला न्यूइंग्टन बट्स नावाची वस्ती होती, तिथला. वडील लोहार, आणि सतत आजारी. धान्य महागलं त्या १८०१ च्या वर्षात मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा आणि तो त्याला सात दिवस पुरवावा लागायचा. शाळा म्हणाल तर वाचणं, लिहिणं आणि थोडे हिशेब, एवढीच. तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. वर्तमानपत्रं लोकांना वाचायला नेऊन द्यायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे काम. वर्षभराने तिथेच सात वर्षांसाठी बुकबाइंडिंग शिकायला राहिला.

आता गंमत बघा. बांधायला आलेली पुस्तकं हा पोरगा वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा खंड बाइंडिंगला आला, त्यात विजेवरचा लेख सापडला. जेन मार्सेट या बाईंनी संवादाच्या रूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक हाती लागलं. यूट्यूब नव्हतं, कोर्स नव्हता. वाचलेलं खरं आहे का ते करून बघायचं, एवढं मात्र त्याच्या हातात होतं. मालकही भला माणूस, त्याने दुकानात छोटे प्रयोग करू दिले.

१८१२ मध्ये मायकेलने स्वतःचा पहिला पॉवर सप्लाय बनवला. सात तांब्याची हाफपेनी नाणी, सात जस्ताच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे, एकावर एक रचलेले. व्होल्टाची बॅटरी म्हणतात ती हीच. एका जोडीचे पाऊण व्होल्ट धरले तर माझ्या हिशेबाने एकूण साडेचारच्या आसपास होतात, म्हणजे जवळजवळ यूएसबीइतके! तेवढ्यावर त्याने मॅग्नेशियम सल्फेटचं द्रावण विघटित करून दाखवलं आणि मित्राला पत्र लिहून सगळं कळवलं, नाणी किती आणि कागद किती यासकट. हे असं मोजून लिहून ठेवण्याचं वेड त्याला आयुष्यभर राहिलं.

त्याच वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे तेव्हाचा सुपरस्टार शास्त्रज्ञ. मायकेलने चार व्याख्यानांच्या नोट्स काढल्या, त्या पुन्हा स्वच्छ लिहिल्या, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बाइंडिंग केलं आणि ते पुस्तक डेव्हीला पाठवून नोकरी मागितली. जागा नव्हती. काही आठवड्यांनी तिथल्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने मारामारी केली, त्याला काढलं गेलं, आणि १ मार्च १८१३ ला बाइंडिंगवाल्या पोराला ती जागा मिळाली. एकवीस वर्षांचा होता तो.

चोरीचा आळ

डेव्हीबरोबर तो दीड वर्ष युरोपभर फिरला. पॅरिसमध्ये अँपिअर, मिलानमध्ये खुद्द व्होल्टा, अशा लोकांना भेटला. पण प्रवासात त्याला मदतनीस आणि नोकर अशी दोन्ही कामं करावी लागली. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखंच वागवायच्या आणि परत निघून जावं असं त्याला अनेकदा वाटलं. गेला नाही.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने दाखवलं की तारेतून करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. सगळ्या युरोपात धावपळ सुरू झाली. सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरडेने पाऱ्याच्या भांड्यात एक तार अशी लटकवली की करंट सोडताच ती चुंबकाभोवती गोल फिरू लागली. तुमच्या एसएमपीएसच्या फॅनचा हा पणजोबा.

आणि इथेच तो अडकला. वोलस्टन नावाचे मोठे शास्त्रज्ञ डेव्हीबरोबर अशाच एका कल्पनेवर काम करत होते. फॅरडेने घाईने निबंध छापला, त्यात त्यांचा उल्लेख नव्हता. कल्पना चोरली अशी कुजबुज सुरू झाली. लोहाराच्या मुलावर असा आळ येणं म्हणजे मिळालेलं सगळं जाण्याची पाळी. त्याने वोलस्टनना गाठून आपली बाजू मांडली. पण १८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्याचं नाव आलं तेव्हा विरोध केला तो त्याला नोकरी देणाऱ्या डेव्हीनेच. फॅरडे तरीही निवडून आला. माझ्या मते त्याची चूक उल्लेख राहण्याची होती, चोरीची नव्हती, कारण त्याची फिरणारी तार ही वेगळीच गोष्ट होती. पण त्यानंतर बरीच वर्षं त्याने या विषयात फार मोठी उडी मारली नाही हेही खरं.

लोखंडी कडं

आता या गोष्टीचा गाभा. करंटमुळे चुंबकत्व मिळतं, तर उलटंही व्हायला पाहिजे. चुंबकत्वातून करंट मिळाला पाहिजे. फॅरडेने १८२५ मध्ये दोन तारा शेजारी शेजारी ठेवल्या, एकीला बॅटरी लावली, दुसरीला सुई. काहीच नाही. वहीत लिहिलं, परिणाम दिसला नाही. १८२८ मध्ये पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच.

जिनिव्हात कोलाडन नावाचा शास्त्रज्ञही याच्याच मागे होता. त्याची गोष्ट मला फार आवडते. चुंबकाचा सुईवर थेट परिणाम होऊ नये म्हणून त्याने सुई दुसऱ्या खोलीत ठेवली होती. कॉइलमध्ये चुंबक घालायचा आणि चालत दुसऱ्या खोलीत जाऊन बघायचं. तो पोहोचेपर्यंत सुई हलून पुन्हा जागेवर स्थिर झालेली असायची! सेटअप अगदी बरोबर होता, बघायची वेळ तेवढी चुकत होती.

२९ ऑगस्ट १८३१. फॅरडेने सुमारे सहा इंच व्यासाचं मऊ लोखंडाचं कडं घेतलं. एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे दिले, समोरच्या बाजूला दुसऱ्या तारेचे. तेव्हा इन्सुलेशनवाली तार विकत मिळत नव्हती, म्हणून वेढ्यांमध्ये सुती कापड आणि सुतळी घातली. दुसऱ्या बाजूची तार तीन फूट लांब नेऊन एका सुईवरून फिरवली. पहिल्या बाजूला बॅटरी जोडली. सुई झटकन हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी जोडलेलीच होती, करंट वाहत होता, पण सुई गप्प. बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली.

म्हणजे गेली सहा वर्षं तो आणि बाकी सगळे स्थिर करंटमध्ये जे शोधत होते ते तिथे नव्हतंच. ते होतं करंट चालू होण्याच्या आणि बंद होण्याच्या क्षणात. नुसतं चुंबकत्व असून उपयोग नाही, ते बदललं पाहिजे. १७ ऑक्टोबरला त्याने कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर करूनही करंट मिळवला आणि त्या महिन्याच्या शेवटी मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सलग करंट काढला. २४ नोव्हेंबरला निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. अमेरिकेत जोसेफ हेन्री स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोहोचला होता, पण त्याचं छापून आलं १८३२ मध्ये.

तुमच्या एसएमपीएसमध्ये काय चालतं ते आता दोन मिनिटांत समजेल. सॉकेटमधले २३० व्होल्ट एसी आधी डीसी केले जातात, ते साधारण ३२५ व्होल्ट होतात. पण डीसी म्हणजे स्थिर, आणि स्थिर करंटला ट्रान्सफॉर्मर दाद देत नाही हे फॅरडेने दाखवून ठेवलंय. म्हणून एक ट्रान्झिस्टर, बहुतेक वेळा मॉस्फेट, तो डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. फॅरडे हाताने बॅटरी जोडत आणि काढत होता, तेच काम इथे सेकंदाला पन्नास हजार किंवा एक लाख वेळा होतं. इतक्या वेगाने बदल होत असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर अगदी छोटा चालतो. ५० हर्ट्झवर चालणारा जुन्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर उचलून बघा, वीट वाटेल. तुमचा चार्जर खिशात मावतो तो या वेगामुळे. आणि काही कारणाने ही चालू-बंद थांबली, तर आत ३२५ व्होल्ट तयार असूनही बाहेर शून्य येतो.

नंबर घातलेली वही

फॅरडेला गणित येत नव्हतं, कॅल्क्युलस तर अजिबातच नाही. त्याच्या बलरेषांना समीकरणांत पुढे मॅक्सवेलने बसवलं. फॅरडेकडे होती वही. केलेला प्रत्येक प्रयोग तारखेनिशी लिहायचा, परिच्छेदांना नंबर द्यायचा. शेवटी हे नंबर सोळा हजारांच्या पुढे गेले. जे जमलं नाही तेही लिहिलेलं. पुढे १८४० च्या सुमारास त्याची तब्येत ढासळली, चक्कर यायची, स्मरणशक्ती दगा द्यायला लागली. काही वर्षं त्याला मोठं संशोधन जवळपास बंद ठेवावं लागलं. तेव्हापासून ती वही म्हणजे त्याचा बॅकअपच होता.

एसएमपीएस तपासतानाही मोबाइलच्या नोट्समध्ये लिहीत चला. मी लिहिलं नव्हतं आणि दोन तास तेच तेच करत बसलो होतो. सुरुवात बाहेरून करा. त्या सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा, टेबल लॅम्प चालेल. मग केबल बदलून बघा. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चुकून बंद नाही ना तेही पाहा, हसू नका, हे होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं आणि पीसी चालू झाला, तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

पुढचं काम मल्टिमीटरचं. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. पीसी बंद पण मागचा स्विच चालू असताना मदरबोर्डच्या २४ पिनच्या कनेक्टरमधल्या जांभळ्या वायरवर, काळ्या वायरच्या तुलनेत, ५ व्होल्ट आले पाहिजेत. हा स्टँडबाय सप्लाय. बटण दाबलेलं मदरबोर्डला कळतं ते याच्या जिवावर. माझ्याकडे इथे ५ ऐवजी ३ ते साडेतीन व्होल्टच्या मध्ये काटा डुलत होता. आजार तिथेच सापडला.

जांभळी ठीक असेल तर पुढची टेस्ट. स्विच बंद करा, केबल काढा, एसएमपीएसचे सगळे कनेक्टर पीसीपासून सोडवा. २४ पिनमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर एका पेपर क्लिपने जोडा. मगच केबल लावून स्विच चालू करा. फॅन फिरायला हवा, पण काही मॉडेल्समध्ये लोड नसताना फॅन बंदच राहतो, त्यामुळे नुसत्या फॅनवर विसंबू नका, व्होल्टेज मोजा. पिवळ्या वायरवर १२, लालवर ५, नारंगीवर ३.३. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे पिवळ्यावर ११.४ ते १२.६. काही महागड्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायर काळ्या असतात. तिथे रंगावर अंदाज बांधू नका, पिनचा नकाशा शोधूनच हात घाला. आणि हेही लक्षात ठेवा, लोड नसताना व्होल्टेज बरोबर आले म्हणजे एसएमपीएस शंभर टक्के ठणठणीत आहे असं नाही. गेम चालू केल्यावरच पीसी बंद पडत असेल तर दुसरा एसएमपीएस लावून बघणं हा खात्रीचा उपाय.

फुगलेले कपॅसिटर आणि १८३३ ची चकती

कडं बनवून फॅरडे थांबला नाही. १८३० च्या दशकात त्याने वीज आणि रसायनं यांचे नियम शोधले. त्यासाठी शब्दच नव्हते, म्हणून जाणकार मित्रांच्या मदतीने इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, इलेक्ट्रोलाइट असे शब्द घडवले. एसएमपीएसमधले उभे दंडगोल म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आत फॅरडेचा इलेक्ट्रोलाइट, बाहेर छापलेलं एकक मायक्रोफॅरड. दोन्हीकडे तोच! उन्हाळ्यात, धूळ बसलेल्या डब्यात, हा इलेक्ट्रोलाइट हळूहळू सुकतो. मग कपॅसिटरचा माथा फुगतो किंवा खालून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर येतं. माझ्या एसएमपीएसमध्ये स्टँडबाय भागातला असाच एक छोटा कपॅसिटर गेला होता. सिनियरने तो बदलला. तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंशांचा, आणि मायनसची पट्टी मूळच्याच बाजूला. पार्ट किरकोळ किमतीचा होता. सबमिशन वेळेत झालं.

त्याच वहीत १८३३ मधली एक विचित्र नोंद आहे. धातू तापला की वीज वाहून न्यायला कुरकुर करतो. फॅरडेला सिल्व्हर सल्फाइड असं सापडलं की ते तापवल्यावर वीज जास्त चांगली वाहून नेत होतं. त्याला याचं कारण कळलं नाही, कळण्यासारखं नव्हतंही. सेमिकंडक्टरच्या वागण्याची ही पहिली नोंद मानली जाते. एसएमपीएसमध्ये जिथून मेन आत येते तिथे बऱ्याचदा एक छोटी चकती असते, एनटीसी थर्मिस्टर. स्विच चालू करताना ती थंड असते, म्हणून करंटचा पहिला लोंढा अडवते; तापली की वाट मोकळी करते. सिल्व्हर सल्फाइडचाच गुण, वेगळ्या पदार्थातला. पटापट चालू-बंद केलं तर तिला थंड व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून बंद केल्यावर जरा थांबून चालू करावं.

बारा फुटांचा पिंजरा

१८३६ मध्ये फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात बारा फुटांचा एक चौकोनी पिंजरा उभारला. लाकडी चौकट, भोवती तांब्याची तार, कागद आणि धातूचा पत्रा. मशीनने तो इतका चार्ज केला की बाहेरून ठिणग्या उडत होत्या. आणि हा गडी मेणबत्त्या आणि विद्युतमापक घेऊन आत जाऊन बसला. आतली उपकरणं हलली नाहीत. चार्ज सगळा बाहेरच्या अंगावर राहिला.

एसएमपीएसचा पत्रा हाच पिंजरा, काम थोडं उलटं. आतल्या चालू-बंदचा विद्युत गोंगाट तो बाहेर जाऊ देत नाही. तोच पत्रा थ्री-पिनच्या जाड पिनमधून अर्थिंगला जोडलेला असतो. आपल्याकडे जुन्या घरांत अर्थिंग नसतं, किंवा लोक ती जाड पिन गाळून टू-पिन अॅडॉप्टर लावतात. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. बऱ्याच वेळा एसएमपीएस बिघडलेला नसतो, आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या थोड्या करंटला जायला जागा मिळत नसते. तरी ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण खरा शॉर्ट झाला तर वाचवणारी तीच वायर असते. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बंद केलेली केबल आणि शॉक

फॅरडेला प्रयोगांनी बराच त्रास दिला. १८२३ मध्ये क्लोरीन भरलेली काचेची नळी फुटून तुकडे डोळ्यात गेले. पण मला सांगायचं आहे ते १८५० च्या दशकातलं. तेव्हा समुद्राखालून टेलिग्राफच्या केबल टाकणं सुरू झालं होतं आणि सिग्नल रेंगाळत पोहोचत होते. लंडनच्या गटापर्चा कंपनीने फॅरडेला तपासायला बोलावलं. गटापर्चाचं आवरण दिलेली शंभर मैल तार पाण्यात बुडवून ठेवली होती. तिचं एक टोक मोकळं, दुसऱ्याला बॅटरी लावली. मग बॅटरी काढून टाकली. आता त्या तारेला काहीच जोडलेलं नव्हतं, तरी हात लावणाऱ्याला जोरदार शॉक बसत होता. आतली तार आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये गटापर्चा, म्हणजे ती अख्खी केबल एक अवाढव्य कपॅसिटर झाली होती आणि चार्ज धरून बसली होती. सिग्नल का रेंगाळतात तेही त्यातूनच उलगडलं. प्रत्येक सिग्नलला आधी हा कपॅसिटर भरावा लागत होता.

मित्रांनो, एसएमपीएस उघडण्याआधी ही केबल आठवा. डब्यातला सगळ्यात मोठा कपॅसिटर, ज्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेलं असतं, तो ३२५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त धरून असतो. केबल काढली म्हणून तो लगेच रिकामा होत नाही. त्याला रिकामा करणारा रेझिस्टर असतो, पण बिघडलेल्या एसएमपीएसमध्ये तोच गेलेला असू शकतो. हा झटका जीव घेऊ शकतो. त्यामुळे नवशिक्यांनी बाहेरच्या टेस्ट कराव्यात आणि डबा उघडू नये, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. शिकायचंच असेल तर माझ्यासारखं कुणातरी जाणकाराच्या शेजारी बसून शिका. त्याने कपॅसिटरवर मीटर लावून शून्य दाखवेपर्यंत बोर्डाला बोट लावू नका. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे व्हिडिओ बघून तसं करू नका. आणि डब्यात स्फोटाचा काळा डाग असेल, मॉस्फेट फुटला असेल, तर रिपेअरच्या नादी न लागता नवा घ्या. फ्यूज उडालाय म्हणून नुसता फ्यूज बदलला तर तो बहुतेक वेळा पुन्हा उडतो, कारण फ्यूज कशामुळे उडाला ते आत तसंच असतं.

शेवटची नोंद

फॅरडे जवळपास तीस वर्षं ट्रिनिटी हाउस या दीपगृहांच्या संस्थेचा सल्लागार होता. दीपगृहांच्या काचेवर दिव्याच्या धुरातली वाफ आतून जमायची आणि प्रकाश अंधुक व्हायचा. त्याने धुराला बाहेर काढणारी चिमणी बनवली आणि तिचे हक्क भावाला देऊन टाकले. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा चालून आलं, त्याने घेतलं नाही. तो आणि पत्नी सारा ज्या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते त्यात साधेपणाला फार मान होता, पण मला वाटतं चोरीच्या आळाचा तो जुना अनुभवही मनात असणार.

१८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्याला हॅम्प्टन कोर्टमध्ये राहायला घर दिलं. तोवर स्मरणशक्ती फारच क्षीण झाली होती. प्रयोगशाळेत मात्र तो येत राहिला. १२ मार्च १८६२ ला त्याने ज्योतीच्या प्रकाशाच्या वर्णपटावर जोरदार चुंबकाचा काही परिणाम होतो का ते तपासलं. दिसलं काहीच नाही, आणि त्याने तसं वहीत लिहून ठेवलं. तो त्याचा शेवटचा प्रयोग. २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत त्याची साधी कबर आहे, आणि ते लोखंडी कडं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही बघायला मिळतं.

फॅरडेने हा प्रयोग केला होता हे पुढे नेदरलँड्समधल्या पीटर झीमनच्या वाचनात आलं. फॅरडेला वाटलं होतं तर पुन्हा करून बघायला हरकत नाही, असं ठरवून त्याने १८९६ मध्ये जास्त चांगली उपकरणं घेऊन तेच केलं. चुंबक चालू करताच वर्णपटातल्या रेषा रुंदावल्या.